थोरल्याचा विमा, धाकट्याचं नाव

विम्याचा फॉर्म भरताना माणसं खोटं बोलायची, त्याचं मला फारसं वाईट वाटत नसे. पण खोटं बोलून झाल्यावर ती ज्या भाबड्या चेहऱ्यानं पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसायची, त्यानं माझं डोकं फिरायचं. "आधीचं काही दुखणं?" असं विचारलं की गडी छाती पुढे काढून "छ्या!" म्हणायचा, आणि आतून चहा गाळता गाळता त्याची बायको म्हणायची, "अहो, ते छातीचं? तीन महिने घरी नव्हता का बसला?" मग दोघं नवरा-बायको माझ्यासमोर भांडायची आणि चहा निवून जायचा. वय विचारलं तर, "घाला की तुमच्या अंदाजानं, राव." मी काय बाजारात बैल घ्यायला आलो होतो, दात बघून वय सांगायला?

सदुसष्टच्या सुमारास मी विम्याची एजन्सी घेतली. राहायला चिंचवड गावात. पिंपरीपासून निगडीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत होते आणि मधूनमधून अजून ज्वारीही उभी होती. पहिली पाळी सुटायच्या वेळेला मी कंपनीच्या गेटसमोर सायकल लावून उभा राहायचो. हातात रेक्झिनची बॅग, तोंडात साखर. कुणी कामगार विम्याचं दवाखान्याचं कार्ड काढून दाखवायचा, "आमचा इमा कंपनीनं उतरवलाय की!" त्याला ते कार्ड वेगळं आणि आयुष्याचा विमा वेगळा हे समजावून सांगता सांगता तिसरी पाळी सुटायची वेळ यायची. कुणी सरळच म्हणायचा, "पहिला हप्ता तुमी भरा, तुमाला कमिशन मिळतंय न्हवं?" अरे बाबा, तसं करणं गुन्हा आहे, माझी एजन्सी जाईल. त्यावर डोळा मिचकावून, "कोण बघतंय?" सगळ्यांचं सगळं या दोन शब्दांवर चाललेलं होतं. पुढे माझंही त्यांच्यावरच चाललं, ते सांगायचं आहे.

असाच गेटवर मला तो भेटला. त्याला मी इथे थोरला म्हणतो. खेडच्या अलीकडच्या एका गावचा. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, आकुर्डीला एका खोलीत बायको आणि तीन मुली घेऊन राहायचा. बोलणं कमी, पण शब्दाचा पक्का. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती; नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती प्रेसमध्ये गेली होती. बोट गेलेलं असल्यामुळे आमच्या कचेरीनं त्याची डॉक्टरी तपासणी सांगितली. डॉक्टरांनी कागदावर ओळखीची खूण म्हणून अर्धी करंगळी लिहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हा अठ्ठावीसचा आहे?"

फॉर्मवर एक प्रश्नच असतो, की माणूस सांगितल्या वयापेक्षा मोठा दिसतो का. मी म्हणालो, "उन्हातान्हातला माणूस आहे, डॉक्टर. कंपनीच्या रेकॉर्डला तीच तारीख आहे." डॉक्टरांनी खांदे उडवले आणि 'नाही' असं लिहिलं. मला पॉलिसी हवी होती. डॉक्टरांना जेवायला घरी जायचं होतं. थोरला शर्टाची बटणं लावत भिंतीकडे बघत होता. त्याचा चेहरा मला तेव्हाच वाचता यायला हवा होता, पण मी फॉर्म वाचत होतो.

आठेक वर्षं सगळं सुरळीत चाललं. थोरला हप्ता कधी चुकवायचा नाही, वर आपल्या खात्यातली बाराचौदा माणसं त्यानं मला मिळवून दिली. मी मोपेड घेतली ती याच्यासारख्यांच्या जिवावर.

मग एका बाजाराच्या दिवशी मी चाकणला होतो. तिथे एका मुसलमान मेकॅनिकच्या सायकल दुकानात माझी बैठक असायची. चाचा स्टूल द्यायचे, चहा सांगायचे, आणि पंक्चर काढायला आलेल्या प्रत्येकाला "विमा काढला का?" म्हणून माझ्या अंगावर सोडायचे. त्या दिवशी डोक्याला मुंडासं बांधलेला एक शेतकरी आला. पस्तिशीचा असेल. कांदा विकून पट्टीचे पैसे हातात आले होते, खुशीत होता.

"घरची लई मागं लागलीया. इमा काढा म्हणती. पोरं शाळंत जाय लागली."

जन्मतारखेचा दाखला त्यानं बरोबरच आणला होता. शाळेतून काढलेला नवा उतारा, चार घड्या घातलेला. असं शहाणं गिऱ्हाईक वर्षातून एखादं. मी खूश होऊन फॉर्म काढला, त्याचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि जन्मतारीख लिहिताना माझा हात थांबला. हे सगळं मी आधी एकदा लिहिलं होतं. बॅगेतली वही काढून बघितली. नाव तेच, बाप तोच, गाव तेच, तारीख तीच.

"अहो, तुमचा विमा तर माझ्याकडे आठ वर्षं आहे," मी म्हणालो.

तो क्षणभर गोंधळला, मग मोठ्यानं हसला. "त्यो माजा न्हाई. थोरल्याचा आसंल. थोरला माज्या नावावर हाय न्हवं कंपनीत!"

तो हे असं सांगत होता, जसं काही त्याचा सदरा थोरल्यानं घातलाय. चाचा पंक्चरचा डबा खाली ठेवून ऐकायला लागले.

झालं होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी कंपनीतून बोलावणं आलं ते या धाकट्याला. सातवी पास, वय बसत होतं. नेमका तो टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेला. तारीख चुकली तर जागा जाणार. मग घरात ठरलं, की धाकटा उठेपर्यंत थोरल्यानं त्याचा दाखला घेऊन जावं आणि जागा धरून ठेवावी. आपल्याकडे एसटी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. थोरला चौथीत शाळा सोडलेला, धाकट्याहून आठ वर्षांनी मोठा. पण गेटवर कुणी दात बघत नाही. तो गेला, लागला. गेटपासवर त्याचा फोटो चिकटला. महिन्याभरानं धाकटा बरा झाला तेव्हा कळलं, की कंपनी म्हणजे एसटी नव्हे. फोटो चिकटलेला माणूस उठवून तिथे दुसरा बसवता येत नाही. रुमालच कायमचा बसला. धाकटा मुकाट्यानं शेताकडे वळला.

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? बोट त्येचं गेलं, माजं न्हाई."

मी त्याचा फॉर्म फाडला. तुमचा विमा निघणार नाही म्हणालो. का ते सांगत बसलो नाही, कारण मलाच नीट सांगता आलं नसतं. तो उतारा पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवून गेला. घरी बायकोला काय सांगितलं असेल, कोण जाणे.

त्या संध्याकाळी मी तडक आकुर्डी गाठली आणि थोरल्याला खोलीबाहेर बोलावून फैलावर घेतलं. "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर कागदावर कोण मरणार? तुमचा भाऊ! आणि भाऊ तर गावी कांदे लावतोय. बायकोला पैसे मिळायचे कसे?" प्रतिज्ञापत्र करा, कचेरीला खरं कळवा, वयाचा फरक भरा. मी रस्त्यावर उभा राहून अर्धा तास कायदा सांगितला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अर्ध्या करंगळीचा हात कपाळाला लावून म्हणाला, "साहेब, तुमच्या कचेरीला कळलं की कंपनीला कळंल. कंपनीला कळलं की मी घरी. तीन पोरी हायत."

मी तणतणत मोपेडला किक मारली. कायद्यानं मला तेव्हाच कचेरीला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. त्याच्या पोरींची दया आली म्हणून, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. खरं म्हणजे त्याच्या खात्यातली ती बाराचौदा माणसं माझ्या डोळ्यांपुढे होती. शिवाय कोण बघत होतं?

दोन वर्षांनी थोरला पहिल्या पाळीत छातीत कळ येऊन गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दवाखान्यानं कार्डावरचं नाव लिहिलं, त्यावरून मृत्यूचा दाखला झाला. सरकारदरबारी धाकटा मेला. प्रेत गावी नेलं तेव्हा अग्नी धाकट्यानंच दिला.

चौदाव्या दिवशी मी दाव्याचे कागद घेऊन गावी गेलो. सोप्यात घोंगडीवर बसलो. समोर धाकटा, नुकतंच डोकं भादरलेला. आतल्या दाराशी थोरल्याची विधवा गुडघ्यात मान घालून, आणि तिच्या शेजारी उभी तिची जाऊ, धाकट्याची बायको. मी सगळं उलगडून सांगितलं. मला दावा लवकर उरकायचा होता, म्हणून सोपी वाट आधी सांगितली. दाखला आहे तसाच लावायचा. विमा ज्या नावाचा, मरण त्याच नावाचं. मयताला मी ओळखत होतो, अशी सही मी एजंट म्हणून करायची. महिना-दीड महिन्यात पूर्ण पैसे. दुसरी वाट म्हणजे खरं लिहायचं. मग चौकशी होणार, वर्ष जाणार, वयाच्या फरकाची रक्कम कापली जाणार, आणि दावा नाकारलाही जाऊ शकतो.

धाकटा लगेच म्हणाला, "पयलीच वाट धरा. माजं नाव गेलं तर गेलं. नाव काय खायला मागतंय का?"

"तुमाला न्हाई मागत, मला मागतंय," त्याची बायको दारातून कडाडली. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. "पोरांच्या शाळंत बापाच्या नावाम्होरं मयत लिवायचं? उद्या तलाठी म्हणंल, सात-बाऱ्यावरचा माणूस मेलाय. आन् मी काय करू? धनी रानात नांगर धरतोय आन् मी कुकू पुसून बसू? एवडंच करायचं आसंल तर आदी माजं कपाळ पुसा, मग सह्या करा."

धाकटा तिच्यावर खेकसला. ती त्याच्यावर खेकसली. "सातवी तुमची, नोकरी त्येंची. इमा मागाया गेला तर त्यो बी न्हाई. आता मरण तेवडं तुमच्या नावावर?" शेजारची दोन माणसं सोप्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मला वाटलं, कुठून या उठाठेवीत पडलो. एक बाई आपल्या नवऱ्याचं नाव जिवंत ठेवायला भांडत होती, दुसरीच्या तीन मुलींचं जेवण त्याच नावात अडकलेलं होतं, आणि चूक यातल्या एकीचीही नव्हती. मनातल्या मनात मी मेलेल्यालाही शिव्या घातल्या.

मग थोरल्याच्या विधवेनं मान वर केली. तिचा आवाज इतका हळू होता, की धाकट्याला हातानं सगळ्यांना गप्प करावं लागलं.

"भावजी येकदा त्येंच्यापायी मागं ऱ्हायले. आता त्येंच्यापायी मरायचं न्हाई." आणि माझ्याकडे बघून, "खरं लिवा. मिळंल त्ये मिळंल."

जाऊ तिच्याजवळ मटकन खाली बसली आणि दोघी रडायला लागल्या.

मला मात्र त्या बाईचा राग आला. हे सांगायला लाज वाटते, पण आला. पैशाची गरज सगळ्यांत जास्त तिला, आणि खरं बोलायची हौसही तिलाच? तिनं सोपी वाट धरली असती, तर मी सही ठोकून मोकळा झालो असतो. खरं लिहायचं तर त्यात माझंही खरं आलं, की हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. म्हणजे तिनं पैसे पणाला लावले आणि बरोबर माझी एजन्सीही लावली. तिला ते माहीतही नव्हतं. गावाबाहेर येईपर्यंत मी धुसफुसत होतो. एसटीत बसल्यावर राग हळूहळू माझ्याकडेच वळला.

घरी येऊन तीन पानांचं पत्र लिहिलं. टायफॉइडपासून चाकणच्या दुकानापर्यंत सगळं. डॉक्टरांच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं तेही. शाखेतल्या साहेबांनी बोलावलं. पत्र टेबलावर पसरलेलं होतं.

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"दोन वर्षांपूर्वी."

"मग काय केलंत?"

"काही नाही."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "बारा वर्षं काम करताय. लोकांना नियम सांगत फिरता." माझी एजन्सी सहा महिने थांबवली, नंतर लेखी ताकीद देऊन सुरू केली. गेटवरची माणसं तोपर्यंत दुसऱ्या एजंटाकडे गेली होती, ती काही परत आली नाहीत.

दावा वर्षभर रेंगाळला. हा कागद आणा, तो आणा, पंचांची सही आणा, पंचांच्या सहीवर शिक्का आणा. मी त्या बाईला घेऊन किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. शेवटी उपयोगी पडली ती तिच्या नवऱ्याची करंगळी. आमच्या डॉक्टरांचा जुना कागद फायलीतून निघाला: डावी करंगळी अर्धी. कंपनीच्या अपघाताच्या रजिस्टरमध्ये तेच बोट. दवाखान्याच्या कागदावर तीच खूण. नाव कुणाचंही असो, ज्याच्या आयुष्याचा विमा उतरवला होता तोच माणूस गेला, हे कचेरीनं मान्य केलं. वयाच्या फरकाचे पैसे कापून उरलेली रक्कम दिली. निम्म्याहून बरीच जास्त होती. मृत्यूचा दाखलाही दुरुस्त झाला. थोरला मेला तो अखेर स्वतःच्या नावानं.

त्यानंतर धाकटा पुन्हा चाकणला आला नाही. मीच त्याच्या घरी गेलो. फॉर्म माझ्या बॅगेत होता, आणि तो मी फाडणार नव्हतो. सोप्यात तीच घोंगडी. बायको दारात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिची जाऊ मुलींना घेऊन आता गावीच राहायला आली होती, ती आत भाकऱ्या थापत होती. थापटण्याचा आवाज बाहेर येत होता.

मी एकेक प्रश्न विचारत गेलो. कधी नव्हे तो प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचला, प्रत्येक उत्तर पूर्ण ऐकलं. आपल्या आयुष्यावर यापूर्वी विमा उतरवला आहे काय? "न्हाई," तो म्हणाला. मी 'नाही' लिहिलं आणि दाव्याच्या वेळी केलेल्या प्रतिज्ञापत्राची नक्कल जोडली. ओळखीची खूण?

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. माती नखांत बसलेली होती.

"लिवा, धाही बोटं हायत."

ही खूण चालत नाही, तीळ नाहीतर जखमेचा वण लागतो, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी तेच लिहिलं. कचेरी फॉर्म परत पाठवील तेव्हा बघू.

सही करायला कागद त्याच्याकडे वळवला, तर दारातून बायको म्हणाली, "आदी नाव वाचा. मोट्यानं." ती स्वतः ते नाव घेणार नव्हती आणि तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. दहा वर्षं मी या नावानं गेटवर हाक मारली होती, आणि दर वेळी अर्ध्या करंगळीचा एक माणूस वळून बघायचा. गावात धाकट्याला कुणी या नावानं हाक मारत नसे, सगळे टोपणनावानंच बोलवायचे. आतला भाकरीचा आवाज थांबला.

धाकटा ताठ बसला. शाळेत हजेरी देतात तसा हात वर करून म्हणाला, "व्हय, मीच."